‘आमच्याविषयी’ लिहिणाऱ्या आक्का

नोकरीच्या पहिल्याच दिवशी आक्कांनी मला जिन्यात गाठलं आणि हळूच सांगितलं, “सरांना डाव्या कानानं ऐकू येत न्हाय. बोलताना जरा आवाज चढवून बोल. आणि कानाचा विषय काढू नकोस, त्यांना लई लागतं.”

मी खानापूरजवळच्या खेड्यातला. शहरातली पहिलीच नोकरी. पुढचे कितीतरी दिवस मी सरांशी बांधावरून हाक मारावी तसा बोलत होतो. शेवटी एकदा सरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, “तुझ्या घरात कुणाला कमी ऐकू येतं का रे?”

सरांचे दोन्ही कान ठणठणीत होते. मी आक्कांकडे पाहिलं. त्या शेंगदाणे खात टाईप करत होत्या, चेहऱ्यावरची एक सुरकुतीही हलली नव्हती. नंतर मी जाब विचारला तर म्हणाल्या, “आलतास तवा तोंडातल्या तोंडात पुटपुटत हुतास. आता बघ, आवाज मोकळा झाला का न्हाय?”

झाला होता. त्यामुळं रागवावं की आभार मानावेत हेच मला कळेना. आक्कांच्या सहवासात पुढं मी बराच काळ असा तोंड उघडं टाकून उभा राहिलेलो आहे.

बेळगावात टिळकवाडीला एका औषधाच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. दुकानं, शाळा, दवाखाने, मंगल कार्यालयं यांच्या वेबसाइट आम्ही करायचो. सर गिऱ्हाइकं आणायचे, मी डिझाइन करायचो, हुबळीकडची एक मुलगी कोडिंग करायची आणि आक्का लिहायच्या. प्रत्येक वेबसाइटवर ‘आमच्याविषयी’ म्हणून एक पान असतं, जे सहसा कुणी वाचत नाही. आक्कांनी लिहिलेलं लोक वाचायचे. मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्हींत त्या लिहायच्या. एक पाय खुर्चीवर दुमडून, दोन बोटांनी टाईप करत. पन्नाशीच्या आतबाहेर असतील. इरकल साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू, फोन मान आणि खांद्यात अडकवलेला. आमच्याकडच्या बायका ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात, आक्काही तशाच बोलायच्या. पण पुण्याचं गिऱ्हाईक फोनवर आलं की अशी शुद्ध, गुळगुळीत मराठी सुरू व्हायची की दुसरीच कुणीतरी बाई आत येऊन बसलीय असं वाटायचं.

त्या खोटं बोलायच्या. सरळ सांगायचं तर अखंड बोलायच्या. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी आला की आक्कांचं माहेर निपाणी. खानापूरचा माणूस आला की खानापूर. एकदा दोघं एकाच वेळी ऑफिसात येऊन बसले आणि दोघंही ‘आमच्या गावची लेक’ म्हणून त्यांची चौकशी करू लागले. मला घाम फुटला. आक्का शांतपणे म्हणाल्या, “एक आईचं गाव, एक बापाचं.” दोघं खूश होऊन गेले. शिवाय जाताना एकमेकांना चहाला घेऊन गेले.

एका शिकवणीवर्गाची वेबसाइट ऐन निकालाच्या दिवशी बंद पडली. चूक आमची होती. मालक तणतणत आला. सर मागच्या खोलीत लपले. आक्का पुढं झाल्या आणि म्हणाल्या, “सर, अभिनंदन. इतकी माणसं बघायला आली की सर्व्हर बसला. आजवर असं कुणाचं झालं न्हाय.” तो माणूस जागच्या जागी थबकला, मग हसला आणि संध्याकाळी आमच्यासाठी खव्याचा कुंदा घेऊन आला. मी तो कुंदा खाल्ला, पण मान वर न करता. आक्का मात्र बोटं चाटत म्हणाल्या, “ताजा हाय.”

पण खरा हादरा मला दिला तो शहापुरातल्या साडीच्या दुकानानं. दुकानाचा मालक अगदी रुक्ष माणूस. आक्कांनी विचारलं, दुकान कुणी काढलं, कसं काढलं? तो म्हणाला, “आजोबांनी काढलं. वडलांनी चालवलं. आता मी.” आणि गप्प बसला. आक्कांनी दोन ओळींत उरकलं असतं तरी त्याची तक्रार नव्हती. त्यांनी लिहिलं की, आजोबा स्वतः विणलेल्या साड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन जंगलातून चालत गोव्याला जायचे. एकदा वाटेतल्या ओढ्याला पूर आला, आजोबा गळ्यापर्यंत पाण्यात गेले पण गाठोडं भिजू दिलं नाही. आणि त्याच गाठोड्यातली एक साडी पुढं आजी लग्नात नेसली.

“आक्का, हे त्यांनी सांगितलं?” मी विचारलं.

“न्हाय.”

“मग?”

“असंच कायतरी झालं असणार की. दुकान काय आभाळातनं पडलं?”

मला वाटलं, आता हा माणूस काम काढून घेणार. त्यानं स्क्रीनवर वाचलं, पुन्हा वाचलं, चष्मा काढला आणि डोळे पुसले. पुढं मी फोटो काढायला दुकानात गेलो तेव्हा त्याची म्हातारी आई गादीवर बसली होती. मला जवळ बोलावून म्हणाली, “माझ्या सासऱ्यांनी पुरातनं गाठोडं आणलं, म्हाईत हाय न्हवं? त्यातली हिरवी साडी सासूबाई नेसल्या. मी बघितलीया ती साडी.”

हिरवी! आक्कांनी रंग लिहिलाच नव्हता. धावत ऑफिसात येऊन मी हे सांगितलं तर आक्का म्हणाल्या, “बघ. म्हटलं न्हवतं?” त्या दिवसापासून मला त्यांची थोडी भीती वाटू लागली.

दुपारी डबे उघडले की आक्का घरच्या गोष्टी सांगायच्या. त्यांतली एकही दुसरीशी जुळायची नाही. नवरा कधी बोटीवर असायचा, कधी जंगलखात्यात, कधी ‘घरीच हाय, झोपलाय.’ डबा मात्र अफाट असायचा. तव्यावरून आत्ता उतरल्यासारखी ज्वारीची मऊ भाकरी, शेंगदाण्याची चटणी, भरली वांगी. “कुणी केलं?” असं विचारलं की म्हणायच्या, “माझ्या सवतीनं.”

आम्ही हसायचो. हळूहळू ती ऑफिसातली ठरलेली गंमत झाली. “आज सवत काय म्हणते?” “रुसलीय. मीठ जास्त पडलंय बघ.”

एकदा म्हणाल्या, “लग्नात मला सांगितलं, ही तुझी नणंद. तिनंच मला हळद लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, ती पहिली बायको. पोर होईना म्हणून मला आणलेली.” यावर कोडिंगवाली मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला. आक्का तिची पाठ थोपटत राहिल्या, पाणी दिलं.

मग एका सकाळी त्या मोकळ्या कपाळानं आल्या. सरांच्या टेबलापाशी उभ्या राहून म्हणाल्या, “नवरा गेला. रजा पाहिजे.”

सर हसले. “आता हे कुठल्या गिऱ्हाइकाला सांगायचंय, आक्का?”

आक्कांनी पिशवी उचलली आणि जिना उतरून गेल्या. सरांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, ते कुठं ठेवावं हे त्यांना कळेना. दुपारी सर म्हणाले, “जाऊन तरी बघा.”

मी आणि ती मुलगी वडगावला, विणकरांच्या वस्तीत गेलो. विचारत विचारत गल्ली सापडली. दोन्ही बाजूंच्या घरांतून मागांचा खटखटाट चालू होता, फक्त एक घर गप्प होतं. दारात चपला. आत गल्लीतल्या बायका बसलेल्या. आणि भिंतीला टेकून आक्कांहून वयानं थोरली, अगदी वाळलेली एक बाई, जमिनीकडं बघत. एक म्हातारी तिचा हात धरून बांगड्या फोडायला सरसावली होती. आक्का मध्ये आडव्या आल्या.

“मरताना त्यांनी निरोप दिलाय,” आक्का म्हणाल्या. “दोघींच्या बांगड्यांना कुणी हात लावायचा न्हाय.”

दोघींच्या. मी शेजारच्या बाईला हळूच विचारलं, “त्या कोण?”

“थोरली,” ती म्हणाली. “तुमची आक्का धाकटी. दोघी एकाच्याच न्हवं?”

त्या मुलीनं माझा दंड घट्ट धरला. आमच्या दोघांच्याही डोळ्यांसमोर तिचा तो ठसका आला असणार. सवत होती. भाकरी तीच करत होती. इतकी वर्षं आम्ही हसत होतो आणि आक्का खरं सांगत होत्या.

नवरा किनाऱ्याकडं मासेमारीच्या बोटीवर कामाला होता, असं आक्कांनी सगळ्यांना सांगितलं. बोट उलटली. त्यानं दोघांना पोहत बाहेर काढलं, तिसऱ्याला आणायला गेला तो परत आला नाही. देह मिळाला नाही. तिकडून फोन आला, एवढंच. मग मरतानाचा निरोप कुणी आणला, हे विचारायचं तेव्हा कुणालाच सुचलं नाही. बायका पदर डोळ्याला लावून ऐकत होत्या. मीही रडलो.

बाराव्याला आम्ही सगळे गेलो. माणसं फारशी नव्हती, गल्लीतली काही आणि आम्ही. थोरल्या बाईंनी स्वतः वाढलं. मी पोटभर जेवलो. हसल्याची लाज माझ्या पोटात होतीच, म्हणून पानावरून उठता उठता मी थोरल्या बाईंना म्हणालो, “आम्ही त्यांच्यासाठी एक पान करतो इंटरनेटवर. श्रद्धांजलीचं. कुणालाही कुठूनही बघता येईल.” आक्कांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं. मला वाटलं, दुःखानं पाहिलं. पण तोवर थोरल्या बाई आत जाऊन ट्रंकेतून लग्नातला फोटो घेऊन आल्या होत्या. मजकूर अर्थात आक्कांनीच लिहिला. ‘कष्टाळू, प्रेमळ, घरासाठी झिजलेला माणूस. समुद्रालाही न भिणारा पट्टीचा पोहणारा.’ मी खाली एक तेवती समई लावली, तिच्याखाली नेहमीप्रमाणं आमच्या ऑफिसचा पत्ता. चांगलं झालं होतं ते पान.

त्यानंतर आक्कांचा डबा मोठा झाला. थोरल्या बाई आता आजूबाजूच्या घरांना, एका खाणावळीला भाकऱ्या करून देऊ लागल्या. दिवाळीत त्या स्वतः ऑफिसात करंज्या घेऊन आल्या तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. अंग भरलं होतं, चेहरा उजळला होता. खुर्चीवर टेकून त्यांनी माझ्या स्क्रीनवर चाललेलं काम बघितलं आणि खुदकन हसल्या. नवरा गेल्यावर बाई अशी फुलते, याचा मला मनातल्या मनात धक्काच बसला. पण असले विचार कुणी बोलून दाखवत नाही.

वर्ष उलटलं असेल. दुपारची वेळ. सर बाहेर गेले होते, आक्का मागं डबा धूत होत्या. दारात एक माणूस आला. पांढरे खुंट, उन्हानं रापलेला, खांद्यावर मळकी पिशवी.

“वेबसाइट करत्यात ते हेच काय?”

गिऱ्हाईक दिसेल त्याला बसवायचं अशी सवय. मी खुर्ची दिली, पाणी दिलं, विचारलं, “कसली करायचीय?”

त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि माझ्यापुढं धरला. समई तेवत होती. माझीच समई. वर लग्नातला फोटो.

“हे कुणी केलं?” त्यानं विचारलं.

“मी,” मी म्हणालो. “तुम्ही त्यांच्या ओळखीचे?”

त्यानं मोबाईल उचलून आपल्या चेहऱ्याशेजारी धरला. मी फोटोकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं, पुन्हा फोटोकडं पाहिलं. खुंट काढा, गालात मांस भरा, डोक्यावर फेटा ठेवा. कोडिंगवाल्या मुलीनं कन्नडमध्ये देवाचं नाव घेतलं. ज्याच्या बाराव्याला मी जेवलो होतो तो माणूस माझ्यासमोर बसून माझ्या हातचं पाणी पीत होता.

तेवढ्यात आक्का ओल्या हातानं डबा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी त्याला पाहिलं. डबा हातातून पडला नाही, काही नाही. तो टेबलावर ठेवून मला म्हणाल्या, “हे माझे दीर. जुळे. डिट्टो त्यांच्यासारखेच दिसतात.”

आणि खोटं का सांगू, मी क्षणभर विश्वास ठेवला. सुटलो असं वाटलं.

“दीर न्हाय,” तो माणूस म्हणाला. “मीच.”

मी आक्कांच्या तोंडाकडं बघत राहिलो. आता त्या दुसरं काहीतरी सांगतील, काहीतरी सुचेलच. त्यांचे ओठ हलले, पण काहीच आलं नाही. त्या हळूच खुर्चीवर बसल्या. त्या माणसाला पाहून बसला नव्हता एवढा धक्का मला त्यांच्या त्या गप्प बसण्यानं बसला.

“मला मारलंस?” त्यानं विचारलं. आवाजात राग होता, पण नवल जास्त होतं.

“तुमी हुतासा कुठं मारायला?” आक्का म्हणाल्या.

तो सांगत सुटला. तिकडं बंदरावर वडगावचा एक माणूस भेटला, त्यानं ओळखलं आणि हे पान दाखवलं. बोटीवरची सगळी त्याला हसायला लागली. ‘मढं आलं, मढ्याला चहा द्या’ म्हणायला लागली. “हे पान आत्ताच्या आत्ता काढा,” तो माझ्याकडं वळून म्हणाला. मग आक्कांना म्हणाला, “आणि मी आता घरी येतो. हात थरथरत्यात, कामावरनं काढलंय. तू काय बी म्हण. थोरली मला हाकलायची न्हाय.”

हे शेवटचं वाक्य ऐकून आक्का उठल्या आणि मला जिन्यात घेऊन गेल्या. पहिल्या दिवशी जिथं त्यांनी मला गाठलं होतं त्याच जिन्यात त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

“हा खरंच बोलतोय,” त्या म्हणाल्या. “ती न्हाय हाकलायची. आम्हा दोघींना सोडून गेला, तवापासनं ती रोज सांजेला ह्याचं ताट वाढून ठेवायची. गोव्याची गाडी यायच्या टायमाला स्टँडवर जाऊन उभी ऱ्हायची. पाऊस असूदे, ताप असूदे. मी कामावरनं येऊन तिला तिथनं हात धरून आणायचो. डॉक्टर म्हणाला, आजार न्हाय, बाई खाईत न्हाय. खाणार कशी? ताट त्याचं. डोळ्यांदेखत वाळत चाललीती. मग मी एक दिवस सांगितलं, गेला म्हणून. रडली. लई रडली. आणि मग जेवली रं.”

त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

“तिनं माग चालवून मला कॉलेजात घातलं,” आक्का म्हणाल्या. “साऱ्या जगाला मी थापा मारतो. तिच्याशी कधी खोटं बोललो न्हाय. ही एकच.”

आतून तो माणूस बाहेर आला आणि जिना उतरू लागला. थांबायला तो तयार नव्हता. आक्का म्हणाल्या, “तू ह्यांना गाडीवर घेऊन ये. मी स्कूटीवरनं पुढं हुतो.” पण गोवावेसच्या सिग्नलला मी बघतो तर त्या माझ्याच बाजूला उभ्या होत्या. दिवा हिरवा झाला तरी त्यांची गाडी हलली नाही. पुढं जायचा त्यांना धीर होत नव्हता. आम्ही गल्लीत एकदमच पोचलो.

थोरल्या बाई बाहेरच्या कट्ट्यावर सुपात ज्वारी निवडत होत्या. मी गाडी थांबवली, तो उतरला. त्यांनी वर पाहिलं.

सूप हातात तसंच राहिलं. शेजारच्या घरातला माग खटाखट चालूच होता. मला त्यांच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं म्हणून मी त्यांच्या हातांकडं बघत होतो. बोटांनी एक खडा उचलला, बाजूला टाकला, दुसरा उचलला.

“बाई,” आक्का म्हणाल्या, “माझं ऐक, मी तुला...”

“पाणी आण,” थोरल्या बाई म्हणाल्या.

आक्का आत गेल्या. थोरल्या बाईंनी सूप बाजूला ठेवलं, कट्टा पदरानं झाडला आणि त्या माणसाला म्हणाल्या, “बसा. जेवलासा?”

“न्हाय,” तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता.

त्यांनी आतून ताट आणलं. भाकरी, झुणका, कांदा. त्याच्यापुढं कट्ट्यावर ठेवलं आणि चौकटीला धरून उभ्या राहिल्या. तो खाली मान घालून जेवला. मधेच म्हणाला, “हातची चव तशीच हाय.” त्यावर त्यांनी विचारलं, “आणखी वाढू?” कुठल्याही पाहुण्याला विचारतात तसं. आक्का आत अंधारात उभ्या होत्या, मला फक्त त्यांच्या साडीचा काठ दिसत होता.

त्यानं हात धुतले आणि चपला काढून उंबऱ्याकडं वळला. थोरल्या बाई चौकटीतून हलल्या नाहीत.

“आता निघा,” त्या म्हणाल्या. “सांज व्हायला आली. आमच्या घरात पुरुषमाणूस न्हाय. परक्या माणसाला आत घेता येत न्हाय. गल्ली नावं ठेवती.”

“अगं, मी हाय,” तो म्हणाला. “बघ तरी. मी.”

“आमचे गेले,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही की थरथरला नाही. “आम्ही बारावं घातलं. हा पोरगा जेवलाय की. इचारा त्याला.”

सगळे माझ्याकडं बघू लागले. त्या माणसाचे डोळे माझ्यावर होते. मी थोरल्या बाईंकडं पाहिलं, आणि माझ्या तोंडून निघालं, “व्हय. मी जेवलो.”

त्यानं चपला पुन्हा घातल्या.

मीच त्याला स्टँडवर सोडलं. दुसरं कोण सोडणार? फलाटाच्या कट्ट्यावर बसल्यावर तो म्हणाला, “रडली काय रं?”

“थोरल्या बाई? लई रडल्या.”

त्यानं मान हलवली. मोबाईल काढून पुन्हा ते पान उघडलं. एकेक ओळ बोटानं सरकवत वाचली. “धाकटीनं लिवलंय न्हवं? शिकलेली हाय ती.” मग मोबाईल खिशात घालत म्हणाला, “मी बोटीवर स्वैपाक करायचो. मला पोहता येत न्हाय.”

मला हसू आलं नाही. गाडी लागली. तो पायरीवर चढला, वळला आणि म्हणाला, “ते पान काढू नकोस. ऱ्हाऊ दे.”

दुसऱ्या दिवशी आक्का वेळेवर आल्या. कोडिंगवाली मुलगी त्यांच्याकडं चोरून बघत होती. मी खुर्ची त्यांच्या टेबलाशी ओढली आणि विचारलं, “थोरल्या बाई काय म्हणाल्या?”

“काय न्हाय. भांडी घासली. झोपताना म्हणाली, तो माणूस लई वाळलाय.” आक्का थांबल्या. “तिला कळलं का न्हाय, मला सांगता येईना. मी सगळं खरं सांगायला बसलो. तिनं तोंडावर हात ठेवला माझ्या.”

मग मी त्यांना सांगितलं की त्यानं पान राहू दे म्हणून सांगितलंय.

“खरंच असं म्हणाला?” त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. “का तू रचतोयस?”

“शपथ, आक्का. आणि म्हणाले, त्यांना पोहता येत नाही.”

आक्कांचा हात शेंगदाण्यांच्या पुडीत तसाच राहिला. इतक्या वर्षांत कुठल्याही बातमीनं त्यांचा चेहरा असा उघडा पडलेला मी पाहिला नव्हता.

“येत न्हाय?” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“मला म्हाईतच न्हवतं,” आक्का म्हणाल्या. आणि स्क्रीनवरच्या त्या फेटा बांधलेल्या तरुण माणसाकडं, कुणीतरी नवीनच गिऱ्हाईक येऊन बसावं तशा, बराच वेळ बघत राहिल्या.